चादरीपलीकडे

आईने कपडे वाळत घालायचा स्टँड खोलीच्या मधोमध उभा केला आणि त्याच्यावर पलंगाची पांढरी चादर टाकली. झालं कबुलीघर. एका बाजूला फादरांसाठी स्टूल, दुसऱ्या बाजूला गुडघे टेकायला उशी. फादर अर्थातच आई. घरच्या या शाळेत बाई ती, शिपाई ती, घंटाही तीच. फादर व्हायचं तेवढं राहिलं होतं.

फ्रिजवरच्या वेळापत्रकात दहा ते अकरा धर्मशिक्षण होतं. शनिवारी चर्चमध्ये मोठीची पहिली पापकबुली, म्हणून आज तालीम. मोठी नऊ वर्षांची. चिंगी पाच वर्षांची, म्हणजे तिची पापं अजून हिशेबात धरत नव्हते. ती जमिनीवर पालथी पडून बायबलच्या चित्रवहीत नोहाच्या तारवातले हत्ती हिरवे रंगवत होती.

मुलींना शाळेत घातलं नाही म्हणून शेजारीण नेहमी नाक मुरडायची. पोरींना कोंडून काय संत करणार का, म्हणायची. आईही तिला पुरून उरायची. पण पाच आठवड्यांपूर्वी बाळ पोटातच गेलं आणि आई हॉस्पिटलमधून रिकाम्या हाताने परत आली. तेव्हापासून शेजारीण काही बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही हे आईच्या लक्षातही आलं नव्हतं. मंगळवारी आई घरी आली, बुधवारी नऊच्या ठोक्याला पाढे सुरू. नवरा म्हणाला, जरा दम घे. तिने सातचा पाढा घेतला. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. मुलींना वाढून ती ओट्याला टेकून उभी राहायची आणि त्यांची ताटं उचलायची वेळ कधी होते ते बघायची.

मोठी उशीवर गुडघे टेकून बसली. इथलं कोणाला सांगत नाहीत ना, असं तिने विचारलं. आईने धड्यात होतं तसं सांगितलं: फादरांचा जीव गेला तरी नाही. मोठीने पुन्हा विचारलं, बाबांनाही नाही? बाबांनाही नाही.

मग मोठीने घडाघडा सुरुवात केली. चिंगीला चिमटा काढला, दोनदा. दात न घासता घासले म्हणून सांगितलं. प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडून बघितलं. आई प्रत्येक पापाला हं म्हणत होती. चादरीला घडीची आडवी खूण पडली होती, तिच्याकडे ती बघत होती. इस्त्री करायला हवी होती, असं तिला वाटलं.

"आणि बाळ येऊ नये म्हणून मी देवाकडे मागितलं," मोठी म्हणाली. "नऊ दिवस. तूच सांगितलंस, नऊ दिवस मागायचं आणि मध्ये खाडा करायचा नाही."

आईचं हं तोंडातच राहिलं.

मोठी पुढे हळूहळू सांगत गेली. बाळ आलं की घरची शाळा बंद होईल, असं बाबा फोनवर आजीला म्हणाले होते. म्हणून तिने मागितलं. बाळ मरावं असं नव्हतं मागितलं, नुसतं येऊ नये, एवढंच. पण देवाला नीट समजलं नसेल.

"हे पाप नाही," आई म्हणाली. "तुझ्यामुळे काही झालेलं नाही."

"पण देव लहान मुलांचं ऐकतोच. धड्यात आहे. तूच मला त्याच्याखाली रेघ मारायला लावलीस."

लावली होती. लाल पेन्सिलीने, पट्टी धरून. आता ती रेघ खोडायची तर अख्खं पुस्तकच खोडावं लागलं असतं, आणि शनिवार तोंडावर आला होता. चिंगी हिरव्या हत्तींपुढे खायला दाणे काढत होती. आईला पोटात काहीतरी हललंसं वाटलं, आणि तिथे आता कोणी नाही हे लगेच आठवलं. तशीच ती उठली, चादरीला वळसा घालून पलीकडे गेली.

"ऊठ. तू स्टुलावर जा. आता माझी पाळी."

मोठीने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ती स्टुलावर जाऊन बसली. आईने उशीवर गुडघे टेकले. उशी गरम होती.

"फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलंय." पुढचं तोंडपाठ होतं, पण ते येईना. मग ती नुसतंच बोलली. "बाळ येणार हे कळलं, त्याच दिवशी मी बाथरूमचा नळ सोडून देवाला म्हटलं, आत्ता नको. मला झेपणार नाही. घरात कोणालाच माहीत नव्हतं तेव्हा. तुलाही नाही."

चादरीपलीकडे स्टूल करकरलं.

"म्हणजे माझ्या आधी?"

"तुझ्या खूप आधी."

"पण लहान मुलांचं..."

"जो आधी मागतो त्याचं आधी," आई म्हणाली. असं कुठल्याच धड्यात नव्हतं.

पलीकडून एक लांब श्वास आला, आठवडेच्या आठवडे धरून ठेवलेला. आई गुडघ्यांवर तशीच थांबली. आपल्यालाही काहीतरी वाटेल, असं तिला वाटलं होतं. गुडघे तेवढे दुखत होते.

मोठीने घसा खाकरला आणि फादरांसारखा जाड आवाज काढला.

"प्रायश्चित्त म्हणून एक नमो मारियाची प्रार्थना. सावकाश म्हणायची." मग आवाज पुन्हा तिचाच झाला. "आणि आज आमच्याबरोबर खाली बसून जेवायचं. सगळं."