तांबूस शिरांचा मका

जांभूळ गावच्या शेतातून तेजल धावतच घरी आली. "आई, मधल्या वाफ्यातला मका कुठे गेला?"

"उपटला," विठाबाईंनी सुनेला अभिमानाने सांगितलं. "पानांच्या शिरा तांबूस पडल्या व्हत्या. रोग तो! बाकीच्याला लागायच्या आत काढून म्हशीला टाकला. वाचवला बघ तुझा मका."

तेजल ओट्यावर बसली. "आई, तो रोग नव्हता. तीच तर मी तयार केलेली नवी जात. शीर तांबूस म्हणजे धाट मऊ, जनावराला पचायला हलकं. बाकीचा मका नुसता तुलनेला लावला होता."

विठाबाईंचं तोंड उतरलं. दोघी गोठ्यात गेल्या. गव्हाण चाटूनपुसून लख्ख होती, चिपाडाचा तुकडाही उरला नव्हता. विठाबाईंनी हिरव्या शिरांचा मका पुढे टाकला. म्हशीने तो हुंगला, मान फिरवली आणि तेजलच्या रिकाम्या हातांकडे बघून रेकली.

तेजलला हसू आवरेना. "आई, डब्यात बी आहे अजून."

"मग बघत काय बसलीस?" विठाबाईंनी पदर खोचला. "या खेपेला सगळ्या शेताला रोग लाव!"