तीन इंच वर

भांडुपची आमची बिल्डिंग चार मजली. लिफ्टचा ठराव दर मीटिंगला होतो, लिफ्ट काही होत नाही.

तळमजल्यावरच्या हर्षदने डोंगरात फिरवायची आपली जीप गॅरेजमधून उंच करून आणली. लांब स्प्रिंगा, मोठे टायर, जीप चांगली तीन इंच वर; जीपवाले याला 'लिफ्ट' म्हणतात. खुशीत त्याने जीपवाल्या मित्रांना मेसेज टाकला, "अखेर लिफ्ट बसवली रे! झकास काम झालंय. बघायला या."

तो मेसेज चुकून सोसायटीच्या ग्रुपवर गेला.

पाच मिनिटांत सगळी बिल्डिंग खाली. सगळ्यात शेवटी आले चौथ्या मजल्यावरचे नंदकिशोरकाका. गुडघ्यांमुळे गणपतीनंतर ते खाली उतरलेच नव्हते. आज मात्र कठडा धरत, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात नारळ घेऊन.

"कुठाय रे लिफ्ट?"

हर्षदने ओशाळून जीपकडे बोट दाखवलं. "हिला बसवलीय, काका. सॉरी. चला, हात धरा, तुम्हाला वर नेतो."

काकांनी एकदा चार मजल्यांकडे पाहिलं, एकदा जीपकडे. मग जीपच्या चाकापुढे नारळ फोडला.


"वर कशाला? एवढा उतरलोय, तर घाटकोपरला लेकीकडे लिफ्ट दे!"