दुसरी इमारत

"इथे कुणी बसलंय का?" तिने विचारलं.

खांबाआडच्या टेबलाभोवतीच्या बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी काकांनी आधी मागे वळून पाहिलं. आपल्याशीच कुणी बोलतंय यावर त्यांचा विश्वास बसला नसावा. मग त्यांनी घाईघाईने आपली बशी जवळ ओढली.

"बसा ना. सगळ्या मोकळ्याच आहेत."

नाश्त्याच्या हॉलमध्ये नुसता गलका होता. एकमेकांची ओळख वाढावी म्हणून कंपनीने सगळ्यांना थेट परदेशात आणलं होतं, आणि माणसं आल्या आल्या आपापल्या ओळखीच्यांना चिकटून बसली होती. गळ्यात मात्र सगळ्यांच्या सारखीच निळी पट्टी आणि कंपनीचं कार्ड. तिच्याही गळ्यात होतं.

"तुम्हाला ऑफिसात पाहिल्यासारखं वाटत नाही," काका म्हणाले. "विमानातही नव्हतात."

"मी दुसऱ्या इमारतीत बसते. आणि माझं विमान आधीचं होतं."

"अच्छा, दुसरी इमारत." काकांनी मान डोलावली. "तिकडचं आम्हाला कुणीच ठाऊक नाही. तसं इकडचं तरी कोण ठाऊक आहे म्हणा!"

ते हिशेब खात्यात होते. ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणत आणि त्यापुढे काही म्हणत नसत. मुलगा लांब नोकरीला, आणि बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. हे सगळं त्यांनी पहिल्या चहातच सांगून टाकलं आणि मग स्वतःच ओशाळले.

"तुम्ही म्हणाल, काय हा माणूस! ओळख ना पाळख, आणि लावलं रडगाणं."

"लावा की. मला कुठे घाई आहे?"

दुपारी हिरवळीवर खेळ होते. एकाने डोळ्यांना पट्टी बांधायची आणि दुसऱ्याने नुसतं सांगून त्याला पलीकडे न्यायचं. शिट्टी वाजली आणि बघता बघता जोड्या जमल्या. काका वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागले. पट्ट्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. ती त्यांच्यापाशी गेली आणि रुमाल पुढे केला.

"बांधा माझे डोळे. आणि झाडावर आपटवलंत तर बघा हं!"

काका इतके जिवापाड सांभाळून सूचना देत राहिले, की त्यांची जोडी सगळ्यांत शेवटी पोचली. "अजून अर्धं पाऊल. अहो, तुमचं अर्धं, माझं नव्हे." पोचल्यावर ती हसत सुटली, मग काकाही हसले. कर्मचारी विभागाच्या बाईंनी लांबून त्यांच्याकडे पाहिलं, बरं वाटल्यासारखी मान हलवली आणि त्या पुढे गेल्या.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, जेवलीस का? या खेपेला कोण आहे सोबत?"

"आहेत एक. हिशेब बघतात. बायको गेलीय बिचाऱ्यांची."

"बघ हं. उगाच जीव लावून बसू नकोस. मागच्या वेळी किती दिवस तोंड पाडून होतीस."

"नाही गं," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर खोली फार मोठी वाटायला लागली. दोन पलंगांपैकी एकावरची चादर तशीच ताठ. खाली परका रस्ता, परक्या पाट्या, आणि घरी निघालेली माणसं. तिला अशा खोल्यांचा वीट आला होता. सगळीकडे तोच दिवा, तीच किटली, आणि जाग आल्यावर आपण कुठे आहोत हे न आठवण्याचा तोच एक वाईट क्षण.

शेवटच्या दिवशी सगळे बाजारात गेले. ही दोघं मागे रमतगमत चालत होती.

"मी परत गेलो की राजीनामा देणार होतो," काका एकदम म्हणाले. "निघायच्या आदल्या दिवशी ऑफिसच्या लिफ्टमध्ये दोघं बोलत होते, हिशेब खात्यातले ते काका अजून आहेत का हो? आणि मी त्यांच्या मधोमध उभा!"

तिला हसू आलं नाही. "देणार होतो म्हणजे? आता नाही?"

"आता दुसऱ्या इमारतीत आपलं माणूस आहे ना! सोमवारी चहाला येऊ का तुमच्याकडे? मजला कुठला?"

निरोप घेताना लोक हात हलवायचे, फार तर एखादा फोटो काढायचे. तू कुठे असतेस, मी येतो, असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"तिसरा," ती म्हणाली. "या. मी वाट बघते."

ते खरंच यावेत आणि आपण दोन कप मांडून बसलेलं असावं, असं तिला फार फार वाटलं.

"आणि राजीनामा नाही हं, काका."

"छे! आता कसला राजीनामा?"

सकाळी विमानतळाची बस दारात लागली. तिचं विमान नंतरचं होतं. खिडकीतून काकांनी तीन बोटं दाखवली. तिनेही तीन दाखवली. कर्मचारी विभागाच्या बाई सगळ्यांत शेवटी चढल्या. चढताना त्यांनी तिचा हात घट्ट दाबला आणि ठरलेल्या पैशांचं पाकीट त्यात ठेवलं. बस वळणाआड जाईपर्यंत ती हात हलवत राहिली.

मग ती आत आली. हॉलमधले निळे फलक उतरवून हिरवे लावणं चाललं होतं. तिने गळ्यातली निळी पट्टी काढून काउंटरवर ठेवली, तिथली हिरवी उचलून गळ्यात घातली आणि दारात लागलेल्या दुसऱ्या बसमधून उतरणारी माणसं न्याहाळत उभी राहिली. सगळ्यांच्या मागून एक मुलगी एकटीच आपली बॅग ओढत आली आणि खांबाआडच्या टेबलाशी जाऊन बसली. ती त्या मुलीजवळ गेली आणि म्हणाली, "इथे कुणी बसलंय का? मी दुसऱ्या इमारतीतली."