वटवाघळांखालची शेळी

हौसाची तिसरी शेळीही गाभडली, दिवस भरायच्या आधीच पिल्लू पडलं, तेव्हा ढोरांच्या डॉक्टरांनी उंबराखालच्या, जनावरांच्या पाण्याच्या दगडी डोणीत वाकून बघितलं. वर वटवाघळं लटकली होती आणि खाली पाण्यावर त्यांची घाण तरंगत होती.

"रक्त तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण यांच्या मुतातून पाण्यात रोगाचे जंतू उतरत असतील. उरलेली गाभण शेळी आजच लांब हलवा."

 म्हणजे नजर लागलेली नव्हतीच, हौसाला कळलं. झाडापासनं लांब असा रिकामा गोठा एकच होता, थोरल्या जावेचा. आणि कालच भर पाणवठ्यावर ती त्या जावेला म्हणाली होती, "तुझ्या वांझोट्या नजरेनं माझी शेरडं गाभडली!"

तरी ती निघाली. घरात दुधाची आशा म्हणून एवढं एकच जनावर राहिलं होतं. शेळी दावं ताणून मागं ओढत होती, हौसा रडत रडत तिला पुढं रेटत होती.

जाऊ दारातच उभी होती.

"आक्का, माझं थोबाड फोड, पण हिला आत घे. उंबरावरच्या वटवाघळांनी घात केला गं!"

"काल मी होते, आज वटवाघळं व्हय? आणि वांझोटीच्या गोठ्यात गाभण जनावर बांधतीस? भ्या न्हाई वाटत?"

हौसानं तिचे पाय धरले. 

 जावेनं भिंतीकडं तोंड फिरवलं, डोळ्यांवर पदर ओढला आणि हात मागं केला.

"दे ते दावं. मी बघत न्हाई तिच्याकडं."