कवचातलं भोक

कोवळ्या विषाणूचं गोल कवच कधीच पुरं नसतं, एका जागी भोक राहतंच, असं ताई म्हणायची. ताई म्हणजे प्रयोगशाळेतली माझी थोरली सहकारी. मी म्हटलं, ती मशीनची चूक आहे. भोकाचे फोटो गुपचूप काढून टाकले आणि शोधनिबंधातून तिचं नावही. तिने नोकरी सोडली. भांडली असती तर बरं झालं असतं.

आज ताईचा तोच गोठवलेला नमुना पुन्हा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये घातला. पडद्यावर शेकडो विषाणू होते, प्रत्येकाला भोक होतं आणि प्रत्येक भोक माझ्याकडे वळलेलं होतं.

"जरा कलवा," मी मशीन चालवणाऱ्या काकांना म्हणालो.

नमुना साठ अंश कलला. भोकं माझ्याकडेच राहिली.

"असं होत नाही," काका म्हणाले. "नमुना फिरला की भोकही बाजूला जातं." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही जरा दाराशी जाऊन उभे राहता का?"

मी गेलो. पडद्यावरची भोकं एकेक करत दाराकडे वळली.

माझ्याकडे न बघताच काकांनी विचारलं, "सर, तुम्ही काय केलंय?"