मुंगीलाही वाट नाही

तिचा थोरला लेक डेंग्यूनं दवाखान्यात पडला ना, तेव्हापासून तिनं गल्लीतल्या एकाही पिंपाला सुखानं उभं राहू दिलं नाही! टायर, माठ, बादल्या, साचलेलं पाणी दिसलं की उपडं. लोक तिला फौजदारीणबाई म्हणायला लागले. तरी घरात डास होतेच! "अहो फौजदारीणबाई, चोर घरातच असणार," जाऊ हसत म्हणाली आणि टॉर्च घेऊन खाटेखाली वाकली. हसू तिथंच विरलं. "या वाट्या कुणी ठेवल्या?" "मीच. दुधाच्या वासानं मुंग्या चढतात ना बाळाच्या अंगावर. पाणी आटलं की भर घालते." खाटेच्या चारही पायांखालच्या वाट्यांत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. तिनं खाटेवरच्या बाळाला उचलून छातीशी घट्ट धरलं. भर उन्हाळ्यातल्या दुपारी ते कुडकुडत होतं, अंग तव्यासारखं तापलेलं. पांघरुणावर मुंगी मात्र एकही नव्हती.