त्याच चालीत

आकाशवाणीच्या रूपकासाठी मुलाखत घ्यायला मृणाल कागलला पोचली, तेव्हा शाहीर मगदूम खाटेवर गप्प बसले होते. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली होती.

"बोलाय गेलं की नुसतं तोंड हलतंय," त्यांची बायको शेवंताबाई म्हणाल्या. "तुमची खेप वाया गेली बघा."

मृणालनं केंद्रातून आणलेलं शाहिरांचंच जुनं ध्वनिमुद्रण लावलं. खडा, तरुण आवाज घरभर घुमला. शाहिरांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली आणि दुसऱ्या कडव्याला ते चक्क गायला लागले. शब्द न् शब्द स्पष्ट!

पोवाडा संपला. "आवो, आता बोला की माझ्याशी!" शेवंताबाई कळवळून म्हणाल्या. ओठ थरथरले, पण शब्द फुटेना. शाहिरांचे डोळे भरले.

शेवंताबाईंनी त्यांच्या मांडीवर बोटांनी ठेका धरला. मग पोवाड्याच्या त्याच चालीत, बेसूर आवाजात त्यांनी विचारलं, "आवो, च्या ठेवू का, जी जी जी?"

शाहीर हसले. "शेवंते, साखर जरा जास्ती गं, जी जी जी!"

कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून आपलं नाव ऐकून शेवंताबाई रडू लागल्या. रडतच पुढचं विचारू लागल्या, गाऊन. मृणालनं मायक्रोफोन हळूच दोघांच्या मधे सरकवला.